गुरुवारची गळती

मी आयटीवाला नाही. हे मी मस्कतमध्ये सतरा वर्षं घसा कोरडा करून सांगतोय. मी टाइल्सच्या कंपनीत आहे, माल कुठून कुठे जातो ते बघतो. पण २००८ साली मराठी मंडळाच्या कार्यक्रमात प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा ओढून काढला, आणि तेव्हापासून आमच्या अख्ख्या वादी कबीर भागात कुणाचं वायफाय गेलं तरी फोन मला. "अंबरीशकाका, जरा येता का?" जरा म्हणजे दोन तास. वर एक कप साखरपाणी, ज्याला ही मंडळी चहा म्हणतात.

त्यामुळे त्या रविवारी दुपारी जनार्दनचा फोन आला तेव्हा मी वैतागूनच खाली उतरलो.

जनार्दन घाडी म्हणजे आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा मेकॅनिक. कुडाळजवळचा, वय बावन्न. बायको सुगंधा आणि दोन मुली गावी, आणि हा सव्वीस वर्षं इथे गाड्यांच्या बोनेटखाली. कमी बोलतो. माझ्याशी बोलताना पुस्तकी मराठी बोलायची धडपड करतो, आणि चिडला किंवा घाबरला की सरळ मालवणीवर येतो. तो कुठल्या भाषेत बोलतोय त्यावरून मी त्याचा मूड ओळखतो.

त्याचं आणखी एक काम आहे, बिनपगारी. रक्तदात्यांची यादी. २०१३ साली सूर शहराच्या रस्त्यावर झालेल्या अपघातात त्याच्या खोलीतला सोबती गेला. बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. जनार्दन माबेलापासून रुवीपर्यंत कामगारांच्या प्रत्येक कॅम्पात जाऊन विचारत फिरला. शेवटी माणूस सापडला तो त्याच्याच गल्लीत राहणारा, पण तोवर सगळं संपलं होतं. पुढच्या वर्षी त्याने मंडळाच्या मागे लागून रक्तदान शिबिर सुरू करायला लावलं, आणि येणाऱ्या प्रत्येकाची माहिती कम्प्युटरवर घालायला लागला. एका बोटाने टाइप करतो. गॅरेजच्या मालकाने, म्हणजे अर्बाबने, त्याला मागची खोली आणि आपला जुना कम्प्युटर वापरायला दिला.

आज त्या यादीत नऊ हजारांवर माणसं आहेत. प्रत्येकाची वेगळी फाईल. मी त्याला किती वेळा म्हटलं, अरे बाबा, एक्सेलमध्ये टाक, एका ओळीत एक माणूस. तर म्हणाला, "माणसाक वळीत कित्याक उभो करूचो? ज्याची त्याची फाईल आसूंदे." फाईलला नावही देत नाही, नुसता नंबर. लोक त्याला आपली दुखणीखुपणी सांगतात, आणि त्याने शब्द दिलाय की नाव कुणाला दिसणार नाही आणि फाईल त्या कम्प्युटरबाहेर जाणार नाही. शिवाय फॉर्म, कार्डं, फोटो. सगळं मिळून अठ्ठावन्न हजार गोष्टी, बाहेरून जोडलेल्या एका डिस्कवर, एकाच फोल्डरमध्ये.

आता अशा ढिगाऱ्यातून माणूस शोधायचा तर फाईलच्या आत काय लिहिलंय ते शोधावं लागतं. त्यासाठी कम्प्युटरचा इंडेक्स असतो. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तसाच. कम्प्युटर सगळ्या फायली एकदा सावकाश वाचून ठेवतो, मग विचारलं की चटकन सांगतो.

तर मी खाली गेलो. खोलीत जनार्दन होता आणि स्वरूप होता. स्वरूप म्हणजे अंतराचा नवरा. अंतरा आमच्या मंडळाच्या शुक्रवारच्या वर्गात पोरांना मराठी शिकवते. एकतीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना. बाळाची वार खाली सरकलेली, म्हणून सोळा दिवसांनी ऑपरेशन करून बाळ काढायचं ठरलं होतं. त्यात रक्त फार जाऊ शकतं, म्हणून आधीच रक्ताची सोय करायला सांगितली, आणि त्या तपासणीत कळलं की तिचा गट बॉम्बे आहे. साध्या तपासणीत हा गट ओ सारखा दिसतो, पण ओ चं रक्तही त्याला चालत नाही. बॉम्बेला बॉम्बेच लागतं, आणि तो हजारोंत एखाद्याचा असतो.

"तिच्या भावाचं तपासलं नाशिकला," स्वरूप म्हणाला. "नाही जुळलं. भारतातून आणायची परवानगी मागितलीय, कागद हलत नाहीयेत. डॉक्टर म्हणतात, एक तरी पिशवी हाताशी असल्याशिवाय टेबलावर घेणार नाही. आणि फार थांबताही येणार नाही, काका." पोराचे ओठ सुकले होते. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी कम्प्युटरकडे बघितलं.

'बॉम्बे' टाकून शोधलं. काही नाही. जनार्दन म्हणाला, "'जुळलं नाही' टाका." टाकलं. काही नाही. वर एक पिवळी पट्टी आली होती, बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेली. असल्या पट्ट्या मी दिवसातून वीस बंद करतो. तीही केली. स्वरूपच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आपल्या यादीत कुणी नाही रे." तो "बरं काका" म्हणाला आणि गाडीची किल्ली टेबलावरच विसरून निघाला. जनार्दन किल्ली घेऊन त्याच्यामागे धावला.

परत आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "साहेब, ह्यो खोटा बोलता."

"कोण?"

"तुमचो सर्च. असो एक माणूस इल्लो. मी सोता लिवलंय. 'कुणाशीच जुळलं नाही' म्हणान लिवलंय."

"नाव काय?"

"नाव नाय आठवणा."

मी कपाळावर हात मारला. नऊ हजार माणसांत एक वाक्य याला आठवतंय आणि नाव आठवत नाही. म्हटलं, जनार्दन, कम्प्युटर खोटं बोलत नाही, माणूस विसरतो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बघतो तर हा डबा मांडीवर घेऊन शेवटच्या फाईलपासून उलटं एकेक उघडून वाचत बसलेला. त्या म्हाताऱ्या मशीनवर एक फाईल उघडायला मिनिट लागतं. नऊ हजार मिनिटं म्हणजे किती होतात हे मी त्याला हिशेब करून सांगितलं. "होऊंदे," म्हणाला, आणि पुढची उघडली.

त्याच्या समाधानासाठी मी मग इंडेक्सची खिडकी उघडून दाखवली. तिथे लिहिलं होतं, इंडेक्स तयार होतोय, इतक्या हजार गोष्टी झाल्या. मला जरा आश्चर्य वाटलं, कारण महिन्याभरापूर्वीच मी तो नव्याने करायला लावला होता. त्याच्या आधीच्या महिन्यातही. जनार्दनची तक्रार आली की मी ते 'रिबिल्ड'चं बटण दाबायचो आणि वर जाऊन जेवायचो. चार दिवस बरं चालायचं.

जनार्दनने माझ्याकडे असं बघितलं की मला लाज वाटावी. "साहेब, म्हणजे तुम्ही गॅस भरून देत होता."

"म्हणजे काय?"

"गाडीचा एसी थंड करत नाही म्हणून गिऱ्हाईक येतो. वाईट मेकॅनिक नवीन गॅस भरतो आणि पाठवतो. आठ दिवसांनी परत गरम. गॅस गेला कुठे, ते कुणी बघत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "गळती खंय ती शोधूक व्हयी."

मी चिडलो. का नाही चिडणार? एक एसी मेकॅनिक मला कम्प्युटर शिकवणार? म्हटलं, शोध बाबा, तूच शोध, आणि वर निघून गेलो. वासंतीला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "बरोबरच बोलला की तो." या घरात मला कुणाचाच आधार नाही.

जनार्दनने मात्र शोधायला सुरुवात केली होती. गॅरेजच्या जॉबकार्डाच्या मागे सकाळ, दुपार, संध्याकाळ तो त्या खिडकीतला आकडा लिहायचा. सोमवार, मंगळवार, बुधवार, आकडा दिवसाला दहा-अकरा हजारांनी वाढत होता. आणि त्याने आणखी एक शक्कल काढली, ती मला या जन्मात सुचली नसती. दर वर्षीच्या शिबिरातला एकेक ओळखीचा माणूस त्याने निवडला आणि रोज त्यांना नावाने शोधायला लागला. २०१४ चा वेल्डर सापडला. २०१६ चा शाळेच्या बसचा ड्रायव्हर सापडला. गुरुवारी दुपारी २०१८ चा स्वयंपाकी सापडला. २०१९ नंतरचा एकही नाही. खुद्द मी २०२३ मध्ये रक्त दिलंय, तर मीसुद्धा सापडत नव्हतो.

पुढच्या रविवारी दुपारी त्याने मला खाली बोलावलं आणि जॉबकार्ड पुढे धरलं. गुरुवारी संध्याकाळी पंचेचाळीस हजार. रविवारी दुपारी दोन हजार तीनशे. २०१८ चा स्वयंपाकी गायब, २०१४ चा वेल्डरसुद्धा गायब.

"दर आठवड्याला असंच होत असणार," तो म्हणाला. "अठरा सालापर्यंत पोचतो आणि परत पहिल्यापासून. म्हणजे पुढची माणसं या कम्प्युटरला कधी भेटलीच नाहीत. आणि आपण अंतराला सांगितलं, कुणी नाही म्हणून."

मला एकदम ती पिवळी पट्टी आठवली. परत शोध लावला, पट्टी आली, आणि या वेळी चष्मा लावून वाचली. इंडेक्स अपुरा आहे, निकाल अपुरे असू शकतात, असं सरळ लिहिलेलं होतं त्यात. आठ दिवस गेले होते. मी खुर्चीत बसून राहिलो. मी एका पोटुशी बाईच्या नवऱ्याला नाही म्हणून घरी पाठवलं होतं, एक ओळ वाचायचा कंटाळा केला म्हणून.

"जनार्दन," मी म्हटलं, "डिस्क दे. माझ्या लॅपटॉपवर सगळं घेतो, तिथे लवकर होईल."

"नाय."

"अरे, जिवाचा प्रश्न आहे!"

"म्हायत आसा माका. नऊ हजार लोकांनी माझ्यावर इस्वास ठेवून सांगितलाहा. कोणाक कावीळ झाली, कोणाक आणखी काय झाला. तेंच्या बायकोक सांगूक नाय ता माका सांगितलाहा." मग जरा थांबून पुस्तकी मराठीत म्हणाला, "शनिवारपर्यंत द्या मला. शनिवारी दुपारी सापडलं नाही तर घ्या लॅपटॉपवर. पाप माझ्या डोक्यावर."

मी चार शिव्या गिळल्या आणि विचारलं, मग आता काय? तो म्हणाला, गुरुवार संध्याकाळ ते रविवार दुपार यात काय होतं ते एकेक सांगूया. दोघांनी बोटं मोजत सांगितलं. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, म्हणून एरवी रात्रंदिवस चालू असलेला कम्प्युटर तो गुरुवारी पाचला बंद करतो. डिस्क काढतो, पिशवीत घालतो, आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरी माळ्यावर ठेवतो. हे मीच त्याला सांगितलेलं. शाहीन वादळात गॅरेजात कमरेएवढं पाणी शिरलं होतं, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तळमजल्यावर काही महत्त्वाचं ठेवायचं नाही असा आमचा नियमच आहे. रविवारी सकाळी सातला अर्बाब येतो, कम्प्युटर लावतो आणि कुराणपठण लावून चहा घेतो. जनार्दन आठला आमच्याकडून डिस्क घेऊन खाली जातो आणि जोडतो.

"मग? तासभर डिस्क नसते. त्यात काय?" मी म्हटलं.

"तो इंडेक्स राहतो कुठे, साहेब?"

कम्प्युटरमधली जागा संपली होती म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच मोठ्या हुशारीने इंडेक्स त्या बाहेरच्या डिस्कवर हलवला होता. दर रविवारी सातला कम्प्युटर उठायचा, आपली सूची शोधायचा, ती आमच्या माळ्यावर लोणच्याच्या बरणीशेजारी पडलेली असायची, आणि तो बिचारा पहिल्या पानापासून नवी लिहायला घ्यायचा. डिस्क हलवा हेही मीच सांगितलेलं, इंडेक्स डिस्कवर ठेवा हेही मीच केलेलं. दोन्ही सल्ले वेगवेगळे बघितले तर उत्तम होते.

मी म्हटलं, सापडलं, आता इंडेक्स कम्प्युटरमध्ये परत हलवतो. जनार्दन म्हणाला, थांबा, अंदाजावर पाईप बदलायचा नाही. साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघायचा. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने कम्प्युटर बंद केला, डिस्क काढून हातात धरली, कम्प्युटर चालू केला, दहा मिनिटं घड्याळाकडे बघितलं आणि डिस्क जोडली. आकडा शून्यावर. "हो बगा बुडबुडो," म्हणाला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी सकाळपासूनचं काम पुसलं गेलं म्हणून बोंब मारावीशीही वाटली.

कम्प्युटरमध्ये जागा करायची होती. तिथे बसले होते मंडळाच्या गणेशोत्सवाचे नऊ वर्षांचे व्हिडिओ, त्यातलं एक नाटक माझं, मुख्य भूमिकेत मी. जनार्दनने विचारलं, "ठेवायचं?" मी म्हटलं, उडव. इंडेक्स हलवला, आणि सोमवारी सकाळी तो शेवटचा, नव्याने, मुक्कामाच्या जागी सुरू झाला.

दिवसाला अकरा हजार, म्हणजे शनिवारी दुपारपर्यंत. मध्ये एकदाही बंद पडता कामा नये. आणि अर्बाब गुरुवारी पाचला गॅरेजचा मेन स्विच बंद करतो. जनार्दनने त्याला सगळं समजावलं. अर्बाब भला माणूस, म्हणाला, सुरू ठेव, इन्शाल्ला काही होणार नाही. पण गुरुवारी दुपारी सगळ्यांच्या मोबाईलवर हवामानाचा इशारा आला, दोन दिवस मुसळधार पाऊस, वाद्यांपासून लांब राहा. शाळा बंद, लोकांच्या पार्किंगमधल्या गाड्या उंचावर. वादी म्हणजे एरवी कोरडी असलेली नदी, आणि आमची गल्ली तिच्या तोंडावरच आहे.

साडेचारला दारावर लाथ बसली. उघडतो तर जनार्दन, कम्प्युटरचा डबा छातीशी धरलेला, हात मोकळे नाहीत म्हणून पायाने वाजवलेलं. लिफ्ट त्या दिवशी बंद होती. मॉनिटर, डिस्क, वायरी, पाच खेपा केल्या त्याने तीन जिने चढून, आणि डिस्क मात्र शेवटच्या खेपेत, शर्टाच्या आत. वासंतीने डायनिंग टेबल रिकामं केलं. मी धास्तावून विचारलं, बंद केलास ना रे नीट? "नीट बंद केला, डिस्क लावूनच उघडणार," म्हणाला. उघडला. आकडा होता तिथूनच पुढे सरकला, एकेचाळीस हजार दोनशे. मी जन्मात कधी आकड्याला हात जोडले नव्हते.

शुक्रवारी दिवसभर पाऊस झोडपत होता. खाली गॅरेजात वीतभर पाणी. आम्ही तिघं मांडीवर ताटं घेऊन जेवलो आणि टेबलावर कम्प्युटर बसला. मला काही राहवेना. दर पाच मिनिटांनी मी माऊस हलवून आकडा बघायचो. दुपारी जनार्दन चष्मा पुढे ओढून स्क्रीनवरची ओळ वाचायला लागला, वापर सुरू असल्यामुळे इंडेक्सचा वेग कमी केला आहे. त्याने माझ्याकडे बघितलं. मग वासंतीकडून एक पंचा मागून घेतला, माऊसला गुंडाळला, गाठ मारली आणि म्हणाला, "आता हात लावू नकात." वासंती इतकी हसली की तिला ठसका लागला.

स्वरूपला आम्ही काहीच कळवलं नव्हतं. एकदा नाही म्हणून झालं होतं, आता हो म्हणून परत नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. पण रात्री त्याचाच फोन आला, काका, परवानगी अजून नाही, अंतरा सारखं विचारते, मिळालं का कुणी. मागून तिचा आवाज ऐकू आला, "त्यांना त्रास देऊ नकोस रे." जनार्दन फोनकडे न बघता म्हणाला, "सांगा तेका, शोधतो आसंव."

शनिवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी ती ओळ बदलली. इंडेक्स पूर्ण. जनार्दनने पंचा सोडला, घडी घालून वासंतीला परत दिला, आणि एका बोटाने लिहिलं, 'कुणाशीच जुळलं नाही'.

एक फाईल. नंबर ६२१४.

त्याने ती उघडली आणि मी मोठ्याने वाचायला लागलो. "दिलशाद मुकादम. मूळ दापोली. सूरला शिंपीकाम. शिबिर २०२२. गट ओ लिहिला होता, पण तपासणीत कुणाशीच जुळलं नाही. रक्तपेढीने नमुना परत पाठवला. अंबरीश साहेब सगळ्यांसमोर हसले. म्हणाले, तुझं रक्त कुणाच्याच कामाचं नाही, खलास, जा बिर्याणी खा. दिलशाद पण हसला. मग न जेवता गेला. फोन करून बोलवायला हवं. पुन्हा तपासायला हवं."

शेवटची दोन वाक्यं माझ्या तोंडून नीट फुटली नाहीत. मला तो माणूस आठवत नव्हता. ते शिबिर आठवत होतं, बिर्याणी आठवत होती, मी त्या दिवशी फार विनोद केले होते एवढंही आठवत होतं. वासंतीने स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघितलं आणि तशीच आत वळली.

"जनार्दन, तुला हे माहीत होतं?"

"नाव नाय आठवत होता," तो म्हणाला. "तुमी हसलात ता आठवत होता. म्हणानच म्हटलंय, फाईल आसा."

"मग मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगून काय, सापडलो असतो?" मग मान खाली घालून म्हणाला, "फोन करायचं मी लिहिलं आणि राहूनच गेलं. माझी पण चूक आहे ती." फाईलमधला नंबर त्याने एका चिठ्ठीवर उतरवला आणि ती माझ्यापुढे सरकवली. "फोन तुमी करूचो."

मी बाल्कनीत गेलो. पाऊस थांबला होता. तीनदा रिंग गेली.

"दिलशादभाई? मी मस्कतहून बोलतोय. अंबरीश, मराठी मंडळ."

"ओळखलं," पलीकडून आवाज आला. मशीनची खडखड थांबली.

मी विषयाला हात घालण्याआधी माफी मागितली. अशी माफी मी आयुष्यात कुणाची मागितली नव्हती, शब्द एकमेकांत अडकत होते. तो "जाऊ द्या हो, मजेत बोललात" असं म्हणत राहिला, आणि त्यावरून मला कळलं की तो तीन वर्षांत विसरलेला नाही. मग मी अंतराचं सगळं सांगितलं.

"म्हणजे माझं रक्त तिला चालेल?"

"तुमचंच चालेल, असं वाटतंय. तपासून बघावं लागेल. दुसऱ्या कुणाचं नाही चालणार."

"कधी येऊ?"

रविवारी सकाळी सातला रक्तपेढी उघडते. आम्ही पावणेसातला पोचलो तर दिलशाद बाहेर गाडीत बसलेला. पाण्याने रस्ता वाहून गेलेला, वळसा घालून पहाटेच निघाला होता. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, सणाला निघाल्यासारखा. जनार्दनने त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. दिलशादने एक पिशवी रक्त दिलं, त्याचीच तपासणी झाली, आणि सोमवारी संध्याकाळी निकाल आला. बॉम्बे. अंतराशी जुळलं. स्वरूपला फोनवर सांगितलं तर तो हसला की रडला ते मला कळलं नाही, मी मात्र रडलो.

मंगळवारी ऑपरेशन. दिलशादला यायची गरज नव्हती, त्याचं काम झालं होतं, तरी दुकान बंद करून दोन तास गाडी हाकत तो आलाच. हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही चौघं, स्वरूप मध्ये, जनार्दन त्याच्या एका बाजूला आणि दिलशाद दुसऱ्या. साडेदहाला नर्सने दार अर्धवट उघडून सांगितलं, मुलगी झाली, रडली, छान आहे. पण तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. आतून कुणीतरी जोरात काहीतरी सांगितलं आणि दार लागलं. स्वरूप उभा राहिला, परत बसला. मी देवाचं नाव घेत होतो, आणि मी तसा घेणाऱ्यातला नाही.

थोड्याच वेळात लिफ्टमधून एक माणूस छोटा निळा डबा घेऊन घाईने आला आणि आमच्यासमोरून आत निघाला. डब्यावर अंतराचं नाव होतं. दिलशाद उठून उभा राहिला. तो माणूस दाराआड जाईपर्यंत उभाच होता. मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "साहेब, त्यात माझं आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "तुमचंच आहे, दिलशादभाई."